अप्रत्यक्ष दंतपुनर्स्थापनेतील जोडद्रव्याची निवड : एक चिकित्सक परामर्श

सारांश : प्रयोगशाळेत तयार केलेली कॅप, ब्रिज, ऑनले अथवा व्हिनिअर दातावर बसविताना कोणते जोडद्रव्य वापरावे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः द्रव्याच्या नावीन्यावरून किंवा त्याच्या बंधशक्तीच्या आकड्यावरून दिले जाते. हे दोन्ही निकष अपुरे आहेत. दाताचा आकार, पुनर्स्थापनेचा पृष्ठभाग आणि मुखातील ओलावा या तीन घटकांचा एकत्रित विचार केल्याखेरीज निवड शास्त्रीय ठरत नाही, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : जोडद्रव्य, बंधशक्ती, एनॅमल, डेंटिन, झिर्कोनिया

प्रस्तावना :

दाताच्या झिजलेल्या वा किडलेल्या भागाची भरपाई दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात मऊ द्रव्य थेट दातात भरले जाते व ते तेथेच कठीण होते. दुसऱ्या प्रकारात दाताचे माप घेऊन धातूचा किंवा सिरॅमिकचा भाग बाहेर घडविला जातो व नंतर दातावर बसविला जातो. यालाच अप्रत्यक्ष पुनर्स्थापना म्हणतात. घडविलेला भाग व दात यांच्यामध्ये एक सूक्ष्म फट उरतेच. ती बुजविणे आणि दोघांना वर्षानुवर्षे एकत्र धरून ठेवणे हे जोडद्रव्याचे कार्य होय. हा थर अत्यंत पातळ असावा लागतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार झिंक फॉस्फेटसारख्या जलाधारित सिमेंटसाठी ही मर्यादा 25 मायक्रोमीटर, तर रेझिन सिमेंटसाठी 50 मायक्रोमीटर आहे. एवढ्याशा थरावर संपूर्ण उपचाराचे यशापयश अवलंबून असते.

1955 मधील दोन शोधनिबंध :

या विषयाची वैचारिक चौकट 1955 या एकाच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांत सापडते. डेन्मार्कमधील के. डी. यॉर्गेनसेन यांनी असे दाखविले, की कापलेल्या दाताच्या भिंती जितक्या अधिक निमुळत्या, तितकी कॅपची पकड झपाट्याने घटते. म्हणजेच पकड ही प्रथमतः आकारातून येते. त्याच वर्षी अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी एनॅमलवर फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया केल्यास रेझिन त्याला घट्ट चिकटते, हे सिद्ध केले. येथे पकड पृष्ठभागातून येते.

या दोन विचारांमधील भेद केवळ तांत्रिक नाही. आकारातून पकड मिळवायची तर दाताचा निरोगी भागही कापावा लागतो, आणि कापलेले एनॅमल पुन्हा निर्माण होत नाही. पृष्ठभागातून पकड मिळवायची तर दात वाचतो. परंतु त्यासाठी कोरडेपणा, स्वच्छता व क्रमबद्धता यांची कठोर शिस्त पाळावी लागते. जोडद्रव्याची निवड म्हणजे या दोहोंपैकी कोणती किंमत मोजायची याचा निर्णय होय.

प्रगतीच्या शिडीची कल्पना :

पाठ्यपुस्तकांतून जोडद्रव्यांचा इतिहास बहुधा चढत्या क्रमाने मांडला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील झिंक फॉस्फेट, 1968 मध्ये डेनिस स्मिथ यांनी मांडलेले पॉलिकार्बोक्सिलेट, 1972 मध्ये ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी प्रसिद्ध केलेले ग्लास आयोनोमर, त्यानंतर रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमर, आणि अखेरीस रेझिन सिमेंट. प्रत्येक पायरी मागच्या पायरीला कालबाह्य ठरविते, असा समज या मांडणीतून नकळत रुजतो. वस्तुस्थिती तशी नाही.

झिंक फॉस्फेट दाताला रासायनिकरीत्या चिकटत नाही. ते केवळ खडबडीत पृष्ठभागांत अडकून बसते. तरीही पुरेशी उंची व समांतर भिंती असलेल्या दातावरील धातूच्या कॅपसाठी ते दीर्घकाळ समाधानकारक ठरले आहे. पॉलिकार्बोक्सिलेट व ग्लास आयोनोमर दातातील कॅल्शियमशी बंध जोडतात. ग्लास आयोनोमरमधून फ्लोराइडही मुक्त होते. परंतु घट्ट होण्याच्या आरंभी ओलाव्याचा संपर्क आल्यास त्याचा पृष्ठभाग बिघडतो. रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमर हाताळण्यास सुलभ असले, तरी ते पाणी शोषून प्रसरण पावते; म्हणून कमी ताकदीच्या सिरॅमिकखाली ते सावधगिरीनेच वापरावे लागते. म्हणजेच नवे द्रव्य जुना दोष दूर करताना एक नवी अटही सोबत आणते. शिडीऐवजी अटींची तुलना हाच अध्यापनाचा योग्य मार्ग ठरतो.

पृष्ठभागाचा प्रश्न :

सिरॅमिक हा शब्द एकच असला, तरी त्याखाली येणारे पदार्थ एकाच स्वभावाचे नाहीत. फेल्डस्पारयुक्त पोर्सिलेन व लिथियम डायसिलिकेट यांत काचेचा अंश असतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाने तो अंशतः विरघळून पृष्ठभाग सच्छिद्र होतो, आणि त्यावर सिलेन लावल्यास रेझिनशी टिकाऊ बंध जुळतो. ठिसूळ सिरॅमिकच्या बाबतीत हा बंध केवळ पकडीसाठी नसतो, तर तो आधारही देतो. केनेथ मॅलामेंट व सिग्मंड सॉक्रन्स्की यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात, आम्लप्रक्रिया करून चिकटविलेल्या डायकॉर या काचसिरॅमिकच्या कॅप, तशी प्रक्रिया न केलेल्या कॅपपेक्षा अधिक टिकल्याचे आढळले.

झिर्कोनियात मात्र काच नाही. त्यामुळे ही आम्लप्रक्रिया तेथे निष्फळ ठरते. तेथे ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा कमी दाबाने मारा करून नंतर एमडीपी हा फॉस्फेटयुक्त घटक असलेले द्रव्य वापरावे लागते. या मार्गाची परिणामकारकता जर्मनीतील माथियास केर्न व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून पुढे आली. त्यातूनच शेजारच्या एकाच दाताच्या आतील बाजूस, मुख्यतः एनॅमलपुरता आधार घेऊन चिकटविलेला झिर्कोनियाचा ब्रिज शक्य झाला. पारंपरिक ब्रिजसाठी जेथे दोन निरोगी दात कापले गेले असते, तेथे हे दात जवळपास अखंड राहतात. योग्य निवडीचे रुग्णाच्या दृष्टीने मूल्य किती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. कॅप तोंडात बसवून पाहताना लाळेतील फॉस्फेट झिर्कोनियावर बसते व एमडीपीसाठी असलेल्या जागा अडवून धरते. ती स्वच्छ करण्यासाठी सवयीने फॉस्फोरिक आम्ल वापरल्यास फॉस्फेटचीच भर पडते. एका पदार्थासाठी योग्य असलेली कृती दुसऱ्यासाठी घातक ठरते, ती अशी.

बंधशक्तीच्या आकड्यांची चिकित्सा :

जोडद्रव्यांची तुलना प्रायः मेगापास्कलमधील बंधशक्तीवरून केली जाते. जाहिरातींत तर हाच आकडा ठळकपणे छापला जातो. परंतु हा आकडा द्रव्याचा स्थिर गुणधर्म नाही. नमुन्याचा आकार, बल लावण्याची दिशा व गती, दाताचा निवडलेला भाग यांनुसार तो बदलतो. दोन प्रयोगशाळांतील आकडे म्हणूनच परस्परांशेजारी ठेवता येत नाहीत. शिवाय बहुसंख्य चाचण्या सपाट पृष्ठभागावर व अल्पकाळात होतात. तोंडात मात्र वक्र पृष्ठभाग, चावण्याचा पुनरावृत्त ताण, उष्ण-थंड बदल आणि सततचा ओलावा असतो. डेंटिनशी जुळलेला बंध काळानुसार क्षीण होतो. दाताच्याच विकरांमुळे त्यातील कोलॅजनचे तंतू विघटित होऊ शकतात, हे डेव्हिड पॅशली व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखविले. पहिल्या दिवशीचा उच्च आकडा दहाव्या वर्षाची हमी देत नाही.

2002 मध्ये बाजारात आलेल्या स्वयंबंधी रेझिन सिमेंटची समीक्षाही याच दृष्टीने व्हावी. वेगळी आम्लप्रक्रिया व बंधद्रव्य यांची गरज नाही, ही त्याची मोठी सोय. तथापि जान डे मुंक व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखविल्याप्रमाणे, आम्लप्रक्रियेविना एनॅमलवरील त्याची पकड तुलनेने कमी असते. आणि तीच आम्लप्रक्रिया डेंटिनवर केल्यास बंध बिघडतो. ‘सर्वांसाठी एक’ हे वर्णन अशा वेळी शास्त्रीय विधान न राहता विक्रीचे वाक्य बनते.

मुखातील परिस्थिती :

हिरडीखाली गेलेली कड, रक्तस्राव वा न थांबणारी लाळ असेल, तर उत्तमातील उत्तम रेझिनही निकामी ठरते. तेथे ओलावा अधिक सहन करणारे साधे द्रव्य निवडणे ही माघार नसून विवेक आहे. तात्पुरत्या सिमेंटमधील युजेनॉल रेझिनच्या घट्ट होण्यात अडथळा आणते. जाड किंवा अपारदर्शक सिरॅमिकखाली प्रकाश पुरेसा पोहोचत नाही, म्हणून केवळ प्रकाशाने घट्ट होणारे द्रव्य तेथे चालत नाही. पातळ व्हिनिअरखाली मात्र रंगाच्या स्थैर्यासाठी तेच श्रेयस्कर ठरते. हवामानही दुर्लक्षणीय नाही. झिंक फॉस्फेट थंड काचपट्टीवर कालवावे, असा दंडक आहे. परंतु कोकणातील दमट हवेत पट्टी अति थंड केल्यास तिच्यावर दव जमते व मिश्रणाचे प्रमाण बिघडते.

समारोप :

‘आदर्श जोडद्रव्याचे गुणधर्म’ हा परीक्षेतील परिचित प्रश्न आहे. परंतु सर्व गुण एकत्र असलेले द्रव्य आजवर अस्तित्वात आलेले नाही. त्याऐवजी दाताला आकारातून पकड मिळते काय, पुनर्स्थापनेचा पृष्ठभाग कोणत्या प्रक्रियेला प्रतिसाद देतो आणि जागा कोरडी ठेवता येईल काय, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यासमोर ठेवले पाहिजेत. शिवाय ते दात कापण्यापूर्वी विचारले जावेत. प्रत्यक्षात जोडद्रव्याचा विचार उपचाराच्या शेवटच्या बैठकीपर्यंत लांबणीवर पडतो. तोवर एनॅमल गेलेले असते आणि निवडीला फारसा वाव उरलेला नसतो. या क्रमात बदल झाल्यास निरोगी दात अनावश्यक कापला जाण्याचे प्रसंग कमी होतील, आणि दंतशिक्षणाचे ते एक मूलभूत कर्तव्यच आहे.