कमल रणदिवे यांचे चरित्र कसे वाचावे?

डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) यांची मराठीतील छोटेखानी चरित्रे बहुधा एकाच साच्याची असतात. पुण्यात जन्म, फर्ग्युसन महाविद्यालय, कर्करोग संशोधन, १९८२ चा पद्मभूषण. तपशील खरे आहेत. परंतु या मांडणीत कर्तृत्वाचे मर्म निसटते, असे आम्हांस वाटते.

सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास हा त्यांचा आरंभ. पुढे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगाशी आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचे नाते त्यांनी उंदरांवर तपासले.

चरित्रकार जेथे एका वाक्यात पुढे सरकतात, तेथे आम्ही थांबू इच्छितो. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये ओळखला. मात्र कृत्रिम माध्यमात तो आजतागायत वाढविता आलेला नाही. १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांपासून घेतलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढविला. तो कुष्ठरोगाचाच जंतू होय, हे विज्ञानजगताने स्वीकारले नाही. तरीही त्याच जंतूपासून पुढे कुष्ठरोगावरील लस तयार झाली व तिच्या चाचण्याही झाल्या. गौरवपर लेखन ही गुंतागुंत झाकून टाकते. वास्तविक, दावा टिकला नाही तरी श्रम वाया गेले नाहीत, हाच या प्रकरणाचा बोध आहे.

ज्या रुग्णांसाठी फादर डेमियन यांनी १८८९ मध्ये प्राण ठेवला, त्यांना समाजाने नेहमीच वेशीबाहेर ठेवले. अशा रोगाकडे वळणे ही विषयाची निवड असते, तशीच माणसांचीही.

चरित्रे ‘समाजकार्य’ शेवटच्या परिच्छेदात, निवृत्तीनंतरचा छंद म्हणून ठेवतात. हा क्रम आम्हांस मान्य नाही. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना १९७३ ची. तेव्हा बाईंचे संशोधन चालू होते. नवी मुंबईत वाशी येथे या संघटनेने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह व मुलांसाठी पाळणाघर चालविले. पुढे अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास बाईंनी केला, तोही संशोधकाच्याच शिस्तीने.

विठ्ठलवाडीतील आमच्या कुटुंबांतील मुली विज्ञानशाखेकडे जातात. त्यांच्या हाती असे चरित्र देताना पालकांनी पुरस्कारांच्या यादीआधी दोन प्रश्न विचारावेत. हे ज्ञान कोणाच्या उपयोगी पडले? आणि जेथे दावा टिकला नाही, तेथे काय उरले?