वेदनेच्या साहित्यातील वेडी माणसे

दलित साहित्य हे वेदनेचे साहित्य आहे, हे वाक्य मी विद्यार्थी असताना परीक्षेत लिहिले आणि आता शिक्षक म्हणून फळ्यावर लिहितो. गेल्या वर्षी तासाला एका मुलीने विचारले, "सर, एवढी वेदना आहे तर तिने वेडी झालेली माणसे आपल्या पुस्तकांत फारशी का भेटत नाहीत?" मी सांगितले की आपले साहित्य नकाराचे आहे, विद्रोहाचे आहे, ते खचलेल्या माणसाचे नाही. वर्गाचे समाधान झाले. माझे झाले नाही. हे उत्तर देत असताना माझ्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली, नैराश्यावरच्या गोळ्यांचे पाकीट होते.

आपल्या कवितेत 'वेड' हा शब्द आहे, पण तो बंडाचे दुसरे नाव म्हणून. ज्याला रात्ररात्र झोप नाही, जो महिनोन्‌महिने आंघोळ करत नाही, ज्याला कानात आवाज ऐकू येतात, तो माणूस त्या शब्दात मावत नाही. १९७२ नंतर आपण काळ्यांच्या चळवळीशी नाते सांगितले, फ्रांत्झ फॅनन वाचला. फॅनन हा मनोविकारतज्ज्ञ होता, अल्जेरियातील ब्लिदाच्या मनोरुग्णालयात काम करत होता, आणि त्याच्या १९६१ च्या ग्रंथात त्याने आपल्या रुग्णांच्या हकिकती दिल्या आहेत. आपण त्याचा हिंसेचा विचार घेतला आणि त्याचे रुग्ण तिथेच सोडून आलो.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यातील आषाढ महिना, पोतराज, अंगात येणाऱ्या बाया हा भाग आपले समीक्षक 'अंधश्रद्धेचे चित्रण' या एका शब्दात उरकतात. बेबीताईंचा स्वतःचा रोख अज्ञानावर आहे हे खरे. पण त्याच पुस्तकात कोवळ्या वयात सासरी आलेल्या सुनांचे हाल आहेत, मारझोड आहे, नाक कापण्यापर्यंत गेलेली क्रूरता आहे. हे दोन भाग शेजारी ठेवून वाचले पाहिजेत असे मला वाटते. ज्या बाईला वर्षभर तोंड उघडता येत नाही, तिला अंगात आले की सारी वस्ती हात जोडून ऐकते.

हे मी पुस्तकाआधी घरात पाहिले. आजोबांनी धर्मांतरानंतर देव नदीत सोडले होते. ते माझ्या चुलतीच्या आजारात मागच्या दाराने परत आले. तिसरे लेकरू दगावल्यावर ती बोलेनाशी झाली, मग रात्री-बेरात्री घराबाहेर जाऊ लागली. वस्ती म्हणाली, भानामती. भगत आला, मिरच्यांची धुरी झाली, पुढे एका देवस्थानी तिला सहा महिने साखळीने बांधून ठेवले. एकदा चुलीपाशी बसल्या-बसल्या तिच्या अंगात आले आणि तिने सासऱ्याला अरेतुरे करून विचारले, माझ्या लेकराच्या औषधाला पैसे का दिले नाहीस? आजोबा, ज्यांनी देव बुडवले होते, ते तिच्या पाया पडले. दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न तिने शुद्धीवर विचारला तेव्हा तिने मार खाल्ला. त्याच गावात मोठ्या वाड्यातली एक बाई अशीच गप्प झाली होती. तिला मोटारीने शहरात नेत. तिची 'तब्येत बरी नसे'. माझी चुलती 'वेडी' होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अंगात येण्याच्या अवस्थेला विकारांत जागा आहे, पण अट घालून: समाजमान्य धार्मिक आचाराचा भाग म्हणून जे घडते तो विकार नव्हे. म्हणजे आषाढात साऱ्यांच्या देखत वाजतगाजत येणारे अंगात येणे सुटते. चुलतीचे सुटत नाही. तिला औषधाची गरज होती आणि तिच्या प्रश्नाला उत्तराचीही गरज होती. भूत उतरवण्यासाठी मारणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला. तो आमच्या तालुक्यापर्यंत पोचेतो चुलती राहिली नाही. देव काढून टाकणे आवश्यकच होते. त्या रिकाम्या जागी दवाखाना आला पाहिजे, ही मागणी मात्र आपण मोर्च्यात कधी जोराने केली नाही.

मध्यमवर्गीय मराठी कलाकृतींत मनोरुग्ण आहे. 'देवराई' (२००४) हा स्किझोफ्रेनियावरचा चित्रपट मी तीनदा पाहिला. जाणकारीने केलेला आहे. पण त्यातील रुग्णाला कोकणात जमीन आहे, शहरात बहीण आहे, डॉक्टर आहे. आजार समजून घ्यायला आधी घर लागते, हे त्या चित्रपटाला सांगायचे नव्हते. मला ते दिसत राहिले.

आता बाबुराव बागूल. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा मी दरवर्षी शिकवतो. परगावी रेल्वेत नोकरीला गेलेला तरुण जात लपवून भाड्याने राहतो, शेवटी जात उघडी पडते आणि तो मार खातो. आपण शेवटच्या मारावर बोलतो. मला अलीकडे त्याआधीचे दिवस अधिक भयंकर वाटतात: प्रत्येक वाक्य तोलून बोलणे, कोणी नाव-गाव विचारले की छातीत धस्स होणे. हे मनावरचे ओझे बागुलांनी नेमके टिपले आहे आणि आपल्या समीक्षेने ते मोजलेले नाही. मी माझी जात चोरत नाही, नेमणुकीच्या कागदावरच ती आहे. मी गोळ्या चोरतो. सहकाऱ्यांना कळले तर म्हणतील, राखीव जागेवरचा माणूस, झेपले नाही. वस्तीत कळले तर म्हणतील, बाबासाहेबांचा शिकलेला पोरगा असा कसा खचला? घरातला पहिला पदवीधर खचू शकत नाही. त्याच्या पगारावर सात माणसे आहेत.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत दर्शन सोलंकी गेला. अशा प्रत्येक वेळी व्यवस्थेची बाजू घेणारे नैराश्याकडे, अभ्यासाच्या ताणाकडे बोट दाखवतात, म्हणजे जात बाजूला राहते. साहजिकच आपण ओरडतो: नैराश्य नव्हे, जात! या ओरडण्यात मीही होतो. तेव्हा ते गरजेचे होते. पण त्यात आपण एक शब्द समोरच्यांना देऊन टाकला. जातीने माणूस आजारी पडू शकतो आणि तो आजार खरा असतो, त्याला उपचार लागतात, हे म्हणण्याची जागाच आपण सोडली. मग आपला मुलगा वसतिगृहात आजारी पडला तर तो कोणाला सांगेल? डॉक्टरकडे गेला तर व्यवस्थेला निर्दोष ठरवल्यासारखे होते, न गेला तर जीव जातो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळ्यांना बंदी केली आहे, आणि उपचार देताना जातीवरून भेदभाव करू नये असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. 'जात' हा शब्द कायद्यात आहे. तपासणीच्या खोलीत मात्र दोन वर्षे तो उच्चारला गेला नाही. डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, घरात पूर्वी कोणाला होते का ते विचारले. मी चुलतीचे सांगितले. स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीशेजारची खुर्ची रिकामी राहते, हे सांगितले नाही. म्हणजे बागुलांच्या नायकाची चोरी मी तिथे केलीच.

गेल्या महिन्यात सांगितले. डॉक्टर वयाने माझ्याएवढेच आहेत. ते म्हणाले, हे पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. मी म्हणालो, तुम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. गोळ्या त्याच चालू आहेत.

त्या मुलीला मी अजून खरे उत्तर दिलेले नाही. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हे त्रैमासिक माझ्याच शिफारशीने येते.