सरासरी गाठली, पण शेजारी गाठला का?

मंडळी, मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं होतं, की चेक प्रजासत्ताकाने स्पेनला मागे टाकलं हे खरं का? युरोस्टॅटच्या तक्त्यात खरं आहे. क्रयशक्तीनुसार काढलेल्या दरडोई जीडीपीत २०१९ च्या सुमारास चेक लोक पुढे गेलेले दिसतात. पोलंड २००४ साली युरोपीय संघात आला तेव्हा सरासरीच्या जेमतेम निम्म्यावर होता, आता चार-पंचमांशाच्या आसपास पोचलाय. ही प्रगती खोटी नाही. माझं भांडण आहे ते मोजपट्टीशी.

पहिलं म्हणजे, ही सरासरी स्वतःच हलते. २००४ मध्ये दहा देश आत आले, बहुतेक गरीब. सरासरी घसरली, आणि जुन्या देशांतले काही मागास प्रदेश एका रात्रीत कागदावर श्रीमंत झाले. त्यांची मदत एकदम तोडता येईना म्हणून ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागली!

दुसरं, क्रयशक्ती. प्रागमध्ये केस कापणं म्युनिकपेक्षा स्वस्त, म्हणून चेक उत्पन्न वर उचलून धरायचं. ठीक आहे. पण फोन किंवा गाडी घ्यायला गेलं की किंमत जवळपास तीच. सीमेपलीकडे बव्हेरियात कामाला जाणारा चेक माणूस क्रयशक्ती बघत नाही, तो युरोत पगार बघतो. आणि त्या हिशेबाने चेक सरासरी पगार जर्मन पगाराच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

शिवाय जीडीपी कुणाचा? श्कोडा ही चेक अभिमानाची गोष्ट, पण मालक फोक्सवॅगन. गाडी चेक जीडीपीत मोजली जाते, नफा बाहेर जाऊ शकतो.

मला सगळ्यात खटकतो तो भागाकार. दरडोई म्हणजे खाली माणसं. लॅटव्हियात १९९० च्या आसपास साडेसव्वीस लाखांहून जास्त लोक होते, २०२१ मध्ये एकोणीस लाखांच्या आतबाहेर. बल्गेरिया नव्वद लाखांवरून पासष्ट लाखांवर आला. समजा सरासरीपेक्षा कमी कमावणारे शंभरातले वीस जण देश सोडून गेले. मागे राहिलेल्यांपैकी एकाचाही पगार वाढला नाही, तरी सरासरी वाढली. तक्ता म्हणतो अंतर कमी झालं. गावातली शाळा मात्र मुलांअभावी बंद पडते, आणि ते कुठल्याच रकान्यात येत नाही. आपल्या कोकणात मनीऑर्डरीवर चालणारी घरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग मोजायचं कशाने? मी तरी दरडोई प्रत्यक्ष उपभोग आधी बघेन. त्यात घरखर्चाबरोबर सरकारने दिलेलं शिक्षण आणि आरोग्यही धरलेलं असतं. हा तक्ताही युरोस्टॅटचाच आहे. त्यात त्याच २०१९ साली स्पेन चेकच्या पुढे होता.