दारू उडाली, प्रमाण कुणाकडे?

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं तेरखेडा हे फटाक्यांचं गाव. शोभेच्या दारूची कला मोठी विचित्र आहे. चित्र पुरं झालं की भिंतीवर लागतं. भुईनळा पुरा होतो तो संपल्यावरच. वात पेटली, काही क्षण झाड उभं राहिलं, आणि खाली तापलेली मातीची कोठी उरली. तरी गेल्या दिवाळीच्या भुईनळ्यासाठी कुणी हळहळत नाही, कारण सोरा किती, गंधक किती, कोळसा किती आणि ठासायचं किती, हे प्रमाण कारागिराच्या हातात शाबूत असतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरियमच्या क्षारांना मनाई केली आणि हिरव्या रंगाचा जुना आधार गेला. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांची सूत्रं काढली. जुनं सोडून नवं शिकणं भाग पडलं, पण जुनं कसं होतं हे सांगणारी माणसं गावोगाव आहेत. या धंद्याला मुलामा चढवायचा नाही. त्यातल्या स्फोटांनी माणसांचे जीव घेतले आहेत. मुद्दा एवढाच, की क्षणभंगुर कलेलाही वारसा असू शकतो. तो वस्तूत नसतो, प्रमाणात असतो.

बंद पडलेल्या ऑनलाइन खेळांची हुरहूर या कसोटीवर तपासून पाहावी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आलं, आणि पारावर बसलेली चार पोरं एकाच वेळी पारावर आणि एरांगल नावाच्या एका काल्पनिक बेटावर असायला लागली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात हा खेळ होता. ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हरही बंद झाले. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परतला, २८ जुलै २०२२ ला दुकानांतून पुन्हा काढला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेलं. त्याआधी, ३१ डिसेंबर २०२० ला, फ्लॅशचा आधार सुटल्यामुळे फेसबुकवरचं फार्मव्हिल मिटलं. खऱ्या शेतीने पिचलेल्या मुलखातली शिकलेली मुलंही त्या खोट्या शेतात वेळेवर पीक काढायला धावत होती, ही गोष्ट कुणा कादंबरीकाराला अजून सुचलेली दिसत नाही. त्याच फ्लॅशबरोबर मुंबईच्या गेम्स२विनसारख्या कंपन्यांनी ब्राउझरसाठी बनवलेल्या छोट्या खेळांच्या अख्ख्या पिढीचा आधार गेला. ती आतषबाजीसारखी विझली, असं म्हणणं सोपं आहे. पण इथे दारूबरोबर प्रमाणही गेलं. खेळाचा अर्धा भाग खेळणाऱ्याच्या फोनमध्ये होता, तर उरलेला, म्हणजे कोण कुठे आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, कुणाकडे काय आहे हे ठरवणारा भाग कंपनीच्या यंत्रावर. ते यंत्र थांबलं की हातातला अर्धा भाग नुसतं चित्र ठरतो. म्हणून या हुरहुरीकडे मी हळवेपणा म्हणून पाहत नाही. ती ताब्याची तक्रार आहे, मांडणाऱ्यांना तसं म्हणता येत नसलं तरी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: माणसं खेळासाठी रडत नाहीत, आपल्या अठराव्या वर्षासाठी रडतात. हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. पबजी परत आलं तेव्हा बेट तेच होतं, त्यातलं पोचिंकी नावाचं गाव तिथेच होतं, जुन्या आयडीतला माल नव्या खेळात नेण्याची सोयही दिली होती. तरी तक्रार उरलीच, की पहिल्यासारखी मजा नाही. काही बदल झाले होते, हे खरं. रक्त लाल न दाखवता हिरवं दाखवलं जाऊ लागलं. फटाक्यातून हिरवा हद्दपार व्हावा आणि पडद्यावर तो सक्तीचा व्हावा, हा योगायोग गमतीचा आहे. पण हिरव्या रक्ताने कुणाची मजा जात नाही. गेली होती ती चौकडी. एक पुण्याला कामाला, एक भरतीच्या तयारीत, एकाचं लग्न झालेलं. सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो, स्क्वॉड पुन्हा जमवता येत नाही.

पण एवढ्यावर आक्षेप जिंकत नाही. सगळी हुरहूर वयाचीच असती, तर जुना खेळ परत दिल्यावर चार दिवस गर्दी होऊन ओसरली असती. रूनस्केपच्या कर्त्यांनी खेळाडूंचं मत घेऊन २००७ मधली आवृत्ती फेब्रुवारी २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. ती आजही चालू आहे आणि सुधारलेल्या मूळ खेळापेक्षा तिच्याकडे जास्त लोक वळलेले दिसतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं उदाहरण याहून बोलकं आहे. चाहत्यांनी नॉस्टॅल्रियस नावाच्या आपल्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालवली होती. कंपनीच्या कायदेशीर धमकीनंतर एप्रिल २०१६ मध्ये तो बंद करावा लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने जुनी आवृत्ती स्वतः विकायला काढली. म्हणजे जुन्या रचनेत काही गुण होते, चाल संथ होती, वाटेत माणसं भेटत होती, आणि सुधारणेच्या नावाखाली ते गुण छाटले गेले होते. आठवणीने रंग भरले असतील, पण चित्र आठवणीने काढलेलं नव्हतं.

ही तक्रार ताब्याची आहे, याचा आपल्याकडचा सर्वात चांगला पुरावा एका साध्या खेळात सापडतो. मिनी मिलिशिया. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत आणि आयटीआयच्या वर्गांत या खेळाने जितके तास खाल्ले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने खाल्ले असतील. पण त्याचा खरा गुण वेगळा होता: एकाने हॉटस्पॉट चालू केला की बाकीचे त्याला जोडले जायचे, इंटरनेट लागायचं नाही. सर्व्हर खिशात होता. पुढे खेळ मिनीक्लिप या कंपनीकडे गेला, अपडेट येत गेले, जुन्या खेळाडूंची कुरकुर झाली. पण ज्याच्याकडे जुनी एपीके फाइल आणि ती चालवणारा जुना फोन आहे, त्याला कुरकुरीवर थांबावं लागत नाही. शेजारच्याला फाइल द्यायची आणि खेळायचं. सायबर कॅफेच्या काळातलं काउंटर-स्ट्राइक १.६ याच कारणाने अजून जिवंत आहे, कारण त्याचा सर्व्हर कुणालाही आपल्या यंत्रावर उभा करता येतो. या दोन खेळांबद्दल लोक आठवणीने बोलतात, पण त्या बोलण्यात कडवटपणा नसतो. पबजीच्या आठवणीत तो असतो. हा फरक कलेच्या दर्जाचा नाही, प्रमाण कुणाच्या हातात होतं याचा आहे.

दुसरा आक्षेप धंद्याचा: सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात, कंपनीने ते अनंतकाळ का पोसावं? पोसू नये. कुणी तशी मागणीही करत नाही. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला द क्रू हा गिऱ्हाइकांनी विकत घेतलेला खेळ बंद केला आणि त्यांचा परवानाही काढून घेतला, तेव्हा युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेची मागणी इतकीच होती, की दुकान बंद करताना खेळ चालू राहील अशी काहीतरी सोय मागे ठेवा. त्या मागणीला दहा लाखांवर सह्या मिळाल्या. हे अव्यवहार्य आहे म्हणावं, तर सिटी ऑफ हीरोज आडवं येतं. हा खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला, चाहत्यांनी २०१९ पासून तो उघडपणे चालवला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ मालकाने त्यांना रीतसर परवाना दिला. कंपनी त्यामुळे बुडाली नाही.

तिसरा आक्षेप आपल्याकडे सर्वात मोठ्याने घेतला जातो: हे व्यसन होतं, गेलं ते बरं झालं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, त्याबद्दल मला दुःख नाही. घरं उद्ध्वस्त करणाऱ्या त्या धंद्यासाठी गळे काढण्याचं कारण दिसत नाही. पण त्याच्या आडून सगळ्या खेळांना एका दावणीला बांधू नये. २०२० ची बंदी सार्वभौमत्व आणि सुरक्षेच्या कारणावरून होती. खेळ चांगला की वाईट, यावर त्या आदेशात निवाडा नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं. शिवाय बंदी घालणं आणि नोंद ठेवणं यांत विरोध नाही. बंदी घातलेल्या पुस्तकाची प्रतसुद्धा कुठल्यातरी ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात असते.

खरा दोष आपल्या समीक्षेचा आहे. मराठीत या खेळांवर जे लिहिलं गेलं ते दोनच पानांवर: व्यसनाच्या बातम्या आणि उद्योगाच्या बातम्या. पबजीच्या बेटाची रचना कशी होती, आकसत जाणारं वर्तुळ भीती कशी निर्माण करतं, शांततेचा वापर त्या खेळाने किती हुशारीने केला होता, यावर गंभीर लेखन मला सापडत नाही. याहून वाईट म्हणजे त्यातला मराठी भागच नोंदला गेला नाही. बेट परक्यांनी बांधलेलं, पण माइकवरची भाषा इथली होती. बोलावणं, शिव्या, डावपेच, मेलेल्या गड्याला दिलेला धीर, सोलापुरी, वऱ्हाडी, मराठवाडी, सगळं खेळाच्या लॉबीत एकमेकांवर आदळत होतं. तमाशातल्या बतावणीचा शेकडो वर्षांनी अभ्यास होतो, कारण कुणीतरी ती उतरवून ठेवली. इथला आवाज उतरवलाच गेला नाही. यूट्यूबवर जे व्हिडिओ आहेत ते नामवंत खेळाडूंचे. गल्लीतल्या चौकडीचे फार थोडे.

या बाबतीत पुण्याने एकदा धडा घेतलेला आहे. १९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, आणि चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात उभं राहिलं ते १९६४ मध्ये. मधल्या पन्नास वर्षांत बहुतेक मूकपट नष्ट झाले. त्या संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी जे वाचवलं ते वाचलं, कारण फिल्मचे डबे कुठेतरी अडगळीत पडलेले होते आणि शोधणारा माणूस तिथे पोचला. बंद केलेल्या सर्व्हरचा डबा मात्र कुणाच्याही माळ्यावर नसतो. तो पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरंच काही चालू असतं. आज पुण्यातच मास्कगन आणि इंडस बनवणारी सुपरगेमिंगसारखी कंपनी आहे. इंडस ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि तोही सर्व्हरवरच उभा आहे, म्हणजे कधीतरी तोही बंद होणार. माझी विनंती खेळ बनवणाऱ्या या मंडळींना आहे, चाहत्यांना नंतर. जी आवृत्ती मागे टाकाल तिची चालू शकेल अशी प्रत, सर्व्हरच्या भागासह, शहरातल्या एखाद्या संग्रहालयाकडे सीलबंद ठेवा. वीस वर्षांनी उघडा म्हणा, हवं तर. सरकारकडून सक्ती येण्याची वाट पाहू नका. प्रकाशकाने पुस्तकाची प्रत सार्वजनिक ग्रंथालयांना दिली पाहिजे, असं सांगणारा आपला कायदा १९५४ चा आहे. दोन वर्षांनी त्या कायद्यात वर्तमानपत्रं आली. खेळ त्यात अजून नाहीत.