सोस्यूर यांच्या अप्रकाशित वह्या

फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी एक धाडसी तर्क मांडला. आदि-भारोपीय स्वरव्यवस्थेत, कोणत्याही ज्ञात भाषेत प्रत्यक्ष न आढळणारे काही वर्ण मानल्याशिवाय रूपांची संगती लागत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२७ मध्ये कुरिलोविच यांनी हित्ती भाषेत त्याचा पुरावा दाखविला. अदृश्याचे अनुमान करून यशस्वी झालेल्या या बुद्धीनेच पुढे १९०६ ते १९०९ या काळात दुसरे एक अदृश्य शोधावयास घेतले.

लॅटिन कवी वर्ण्य देवतेचे वा वीराचे नाव पंक्तींतील ध्वनींत विखरून लपवीत, असा हा दुसरा तर्क. त्यासाठी शंभराच्या घरात वह्या भरल्या. वेदसूक्तेही या शोधातून सुटली नाहीत. आरंभीचे नियम कडक होते. पुढे सवलती वाढत गेल्या, आणि नावे सर्वत्र सापडू लागली: सिसेरोच्या गद्यात, इतकेच नव्हे तर पंधराव्या शतकातील पोलित्सियानोच्या लॅटिन रचनेतही.

खरी अडचण येथेच आहे. भाषेतील ध्वनी मोजके असतात. ज्याला नाव आधीच ठाऊक आहे आणि क्रम व अंतर यांचे बंधन ज्याने सैल केले आहे, त्याला चार-सहा ओव्यांत ‘माधव’ न भेटला तरच नवल. अप्रस्तुत नाव घेऊन तेही तितक्याच वेळा सापडते काय, ही साधी कसोटी या सिद्धान्ताचा पाया ठरावयास हवी होती. ती तशी ठरली नाही. प्राचीनांपैकी कोणीही या प्रथेचा उल्लेख केलेला नाही, हे सोस्यूर जाणून होते; पण त्या मौनाचेही समर्थन शोधण्याकडे त्यांचा कल झाला.

झाँ स्तारोबिन्स्की यांनी या वह्यांतील उतारे १९६४ पासून प्रकाशात आणले व १९७१ मध्ये त्यांचा ग्रंथ केला. त्यांचे विवेचन संयमी आहे. ज्युलिया क्रिस्तेवा प्रभृतींनी मात्र या वह्यांतून काव्यभाषेचा नवा सिद्धान्तच उभारला. तो स्वतंत्रपणे ग्राह्य असेलही. परंतु सोस्यूर यांचा प्रश्न ऐतिहासिक होता — कवींनी हे जाणूनबुजून केले की नाही? त्या प्रश्नाला बगल देऊन त्यांनाच साक्षीस बोलावणे न्याय्य नव्हे. उलट, या वह्यांना केवळ बुद्धिभ्रंश म्हणणाऱ्यांनी त्या नीट वाचलेल्या नाहीत. योगायोगाची शंका त्यांत पुनःपुन्हा येते. मेये यांच्याकडे टिपणे पाठवून त्यांनी आपल्याला भ्रम तर होत नाही ना, याची विचारणा केली.

अखेर १९०९ मध्ये त्यांनी लॅटिनमध्ये काव्य करणारे हयात कवी जोव्हान्नी पास्कोली यांनाच पत्रे लिहिली: तुमच्या कवितेत आढळणारी ही नावे हेतुपुरस्सर आहेत काय? दुसऱ्या पत्राला उत्तर आल्याचा पुरावा नाही. त्यानंतर शोध थांबला. या सिद्धान्ताची एक ओळही त्यांनी छापली नाही. वह्या मात्र नष्ट केल्या नाहीत.