तुलनेच्या रकान्यातलं गाव

आकाशवाणीच्या इतिहासावर काम करणारा कुणीही एका पुस्तकापाशी येऊन थांबतोच. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांचं ‘ॲन इंडियन एक्स्पेरिमेंट इन फार्म रेडिओ फोरम्स’, युनेस्कोनं १९५९ मध्ये छापलेलं. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा पाया हेच पुस्तक आहे, आणि तरी आज मला त्याच्याशी भांडायचं आहे. भांडण कळायला आधी प्रयोग कळायला हवा.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले, आठवड्याला दोन. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत त्यासाठी श्रोतृमंडळं नेमली. गावातल्या लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, मग चर्चा करायची, जमलं तर काही ठरवायचं, आणि प्रश्न असतील ते केंद्राला कळवायचे. कल्पना कॅनडातून आलेली. न्यूराथ मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ, तरुणपणी दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून वाचलेले. तेव्हा ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत होते. पाहणी त्यांनी केली, आणि मन लावून केली. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. शिवाय तुलनेसाठी दोन प्रकारची गावं घेतली: एक, जिथं रेडिओ आहे पण मंडळ नाही, दुसरी, जिथं रेडिओच नाही.

निष्कर्ष तुम्ही कुठंतरी वाचला असेल. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी नाही. म्हणजे खोक्यानं काही होत नाही, खोक्याभोवती बसून बोलल्यानं होतं. १९५९ मध्ये ही योजना देशभर न्यायला घेतली ती याच भरवशावर.

आता खटकणारी गोष्ट. ‘कोणार्क’चे नाटककार म्हणून माथुर तुम्हाला ठाऊक असतील, पण तेव्हा ते आकाशवाणीचे महासंचालकही होते. दुकानदार आणि तराजू एकाच मुखपृष्ठावर! आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण आकडे कुठल्या प्रश्नाची उत्तरं आहेत ते बघा. आम्ही जे पाठवलं ते गावात किती पोचलं, हा तो प्रश्न. गाव स्वतःहून रेडिओचं काय करतं, हा प्रश्न मागं पडतो. आणि ही सवय पुढं मोडलीच नाही. अवस्थी, मेहरा मसानी, लुथरा, चटर्जी – भारतीय प्रसारणाची ज्यांची पुस्तकं आम्ही विद्यार्थी घोकतो ते चौघंही आकाशवाणीचेच अधिकारी. चांगली पुस्तकं आहेत, काही ठिकाणी तर सरकारवर चांगलीच कडक आहेत. पण ती सगळी स्टुडिओच्या खिडकीतून लिहिलेली आहेत.

त्या खिडकीतून माझा बुलढाणा जिल्हा दिसत नाही. का दिसत नाही हे शोधताना एक गंमत सापडली. १९५६ च्या वसंतात प्रयोग झाला तो मुंबई राज्यात, आणि बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला, तोवर पाहणी आटोपली होती. मग १९७५-७६ चा उपग्रह दूरदर्शन प्रयोग, म्हणजे ‘साइट’. सहा राज्यांतल्या २४०० गावांत दूरदर्शनचे संच बसवले. त्यात मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. आणि आता आम्ही महाराष्ट्रात! (मध्य प्रदेशात राहिलो असतो तरी संच मिळाला नसताच. तिथली गावं रायपूर, बिलासपूर, दुर्ग भागातली होती. उगाच हळहळ नको.)

याचा अर्थ आमच्याकडं रेडिओ नव्हता असा नाही. माझे आजोबा घाटाखालचे, मलकापूरकडचे. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, सरकारी हिशेबात आम्ही त्याचे श्रोते. पण मलकापूरहून नागपूर रेल्वेनं तीनशे किलोमीटरच्या वर, आणि जळगाव शेजारी. तिथं केंद्र आल्यावर आजोबांचा काटा ५८५ वरून ९६३ वर सरकला. घाटावर, देऊळगावराजाच्या बाजूला आमचे सोयरे औरंगाबाद लावायचे. आजोबा हसून म्हणायचे, “नागपूरवाले संत्र्याचं सांगतेत, जळगाववाले केळीचं. आपल्या वावरात हाये कपाशी.” तरी दोन्ही ऐकायचे. केळीचं का ऐकता, असं मी लहानपणी विचारलं होतं. म्हणाले, पाऊस त्यायच्यावरूनच इकडं येते ना.

हे उत्तर न्यूराथ यांच्या प्रश्नावलीत कुठं बसलं असतं? केळीची लागवड कशी करावी, या प्रश्नावर आजोबांना बहुधा शून्य गुण मिळाले असते. रेडिओ आहे, मंडळ नाही, माहितीत खास वाढ नाही. तुलनेच्या रकान्यात एक नोंद. पण देशातली बहुतेक गावं तर याच रकान्यात होती. मंडळ नसलेल्या गावात लोक आपलं आपण केंद्र निवडत होते, नको ते सोडत होते, शेजारच्या जिल्ह्याच्या बातमीतून आपल्या कामाचं काढून घेत होते. प्रयोगाच्या भाषेत हा ‘परिणामाचा अभाव’ आहे. माझ्या प्रबंधाचा विषय नेमका हाच अभाव आहे, आणि मार्गदर्शकांना ते पटवताना माझा बराच घाम निघाला. त्यांचा प्रश्न रास्त होता: पुरावा काय?

स्टुडिओची दफ्तरं असतात, ऐकणाऱ्याची नसतात. एक मात्र होती. १९८५ पर्यंत रेडिओ बाळगायला लायसन लागायचं. छोटं पुस्तक असायचं, दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून त्याचं नूतनीकरण करायचं. सरकारनं लायसन बंद केलं, लोकांचे पैसे वाचले, चांगलंच झालं. पण कुठल्या गावात कुणाकडं रेडिओ होता याचा मागही तिथंच तुटला. आजोबांचं पुस्तक मला लोखंडी पेटीत, जमिनीच्या कागदांखाली सापडलं. तुमच्या घरी असं एखादं असेल तर रद्दीत देऊ नका. आधी त्यावरचा शिक्का बघा, कुठल्या पोस्टाचा आहे आणि कुठल्या वर्षी थांबलाय. आजोबांचा मधली दोन वर्षं नाही. ती दुष्काळाची आहेत.