तिकिटाचा भाव आणि गर्दीचा हक्क

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस आता फुटबॉलच्या तिकिटांवर काय बोलणार? रास्त शंका आहे. पण माझा अनुभव असा, की न्यायाचा प्रश्न वर्गातल्या फळ्यापेक्षा तिकिटाच्या खिडकीपाशी जास्त स्वच्छ दिसतो. कोण आत जाणार आणि कोण बाहेर राहणार, याचा निकाल तिथे रोज लागतो.

जर्मनी आणि इंग्लंड या दोन्ही देशांना फुटबॉलचं वेड आहे आणि दोन्हीकडे मैदानं भरतात. पण तिकिटांचे भाव बघा. २०१५च्या सुमारास लंडनच्या आर्सेनलचं सर्वांत स्वस्त हंगामी तिकीट १००० पाउंडांच्या वर होतं. त्यात काही कप-सामने धरलेले असत, हे मान्य. त्याच काळात म्युनिकच्या बायर्नमध्ये गोलमागच्या स्टँडवर उभं राहून एक सामना १५ युरोत बघता येत होता. आणि बायर्न काही गरीब क्लब नाही, युरोपातल्या धनाढ्य क्लबांपैकी एक आहे. डॉर्टमुंडला तर गोलमागचा एकच स्टँड जवळजवळ २५,००० माणसांचा, सगळे उभे. त्याला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. ती बघायला खुद्द इंग्लंडमधून लोक स्वस्त विमानाने शनिवार-रविवार गाठून जातात. आपल्या गावातला सामना परवडत नाही म्हणून परदेशातला बघायचा, असा हा प्रकार.

हे असं का झालं? इंग्लंडची बाजू नीट समजून घेऊ, नाहीतर टीका फुकट जाते. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लोखंडी कुंपणाआड चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. शेवटचा जखमी तर २०२१ साली गेला. न्यायमूर्ती टेलर यांनी चौकशी केली आणि १९९०च्या अहवालात मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्च्या द्या, अशी शिफारस केली. त्याआधीचं इंग्लिश मैदान काही स्वर्ग नव्हतं. मारामाऱ्या होत्या, वर्णद्वेषी घोषणा होत्या, बायका-मुलं जायला कचरत. खुर्च्या आल्या, मैदानं सुरक्षित झाली. हे मोल नाकारता येणार नाही.

पण एक गोष्ट लोक विसरतात. त्याच अहवालात टेलर म्हणतात, की खुर्चीला थोडं जास्त घ्या, पण आज जो उभा राहतो त्याच्या खिशाला सर्वांत स्वस्त खुर्ची परवडेल, असे दर ठेवणं शक्य आहे. त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं उदाहरण दिलं: बसायला ६ पाउंड, उभं राहायला ४. म्हणजे शिफारशीचे दोन भाग होते. खुर्च्यांचा भाग पाळला गेला, भावाचा सोडून दिला. १९९२ला प्रीमियर लीग सुरू झाली, टेलिव्हिजनचा पैसा आला आणि भाव चढत गेले. तेव्हा सुरक्षिततेमुळे तिकीट महागलं, हे म्हणणं अर्धंच खरं. सुरक्षिततेने खुर्ची दिली. खुर्चीचा भाव क्लबांनी ठरवला.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. ‘अहो, मैदानं भरतात ना? मग भाव बरोबरच आहे.’ बिनतोड वाटतं. पण भरलेलं मैदान फक्त किती जण आले ते सांगतं. कोण आले, कोण यायचे थांबले, हे सांगत नाही. रिकामी झालेली जागा लगेच दुसरा कोणी घेतो, त्यामुळे गेलेला माणूस हिशेबात दिसतच नाही. बाजाराच्या चष्म्यातून पाहिलं तर त्याची गैरहजेरी घडलेलीच नसते.

आता उली होनेस यांचा युक्तिवाद पाहा. बायर्नचे माजी खेळाडू आणि नंतर अध्यक्ष. चाहता म्हणजे दुभती गाय नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी हिशेब मांडला होता तो साधारण असा: आमचं स्वस्त हंगामी तिकीट १०४ पाउंडांचं आहे, ते ३००चं केलं तर क्लबला २० लाख मिळतील. खेळाडू विकत घेताना तेवढ्या रकमेवर आम्ही पाच मिनिटं घासाघीस करतो. पण १०४ आणि ३०० यांतला फरक चाहत्याला फार मोठा आहे. हे संताचं बोलणं नाही, व्यापाऱ्याचंच आहे. तोच रुपया कोणाच्या हातात किती जड, एवढाच मुद्दा. उपयुक्ततावाद शिकवताना मला इतकं सोपं उदाहरण क्वचितच मिळालं.

पण सगळं होनेससारख्यांच्या समजूतदारपणावर सोडायचं का? नाही. जर्मनीत नियम आहे: पन्नास अधिक एक. १९९८ला क्लबांना कंपनी काढायची मुभा मिळाली, पण अट अशी की निम्म्याहून एक तरी जास्त मत मूळ सभासद-संस्थेकडे राहिलं पाहिजे. म्हणजे गुंतवणूकदार पैसा घालू शकतो, क्लब गिळू शकत नाही. इंग्लंडमध्ये असं बंधन नाही.

इथे मला अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्षमन आठवतात. १९७०च्या त्यांच्या पुस्तकात ते म्हणतात, संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि निष्ठा माणसाला सोडून जाऊ देत नाही. साबण महागला तर आपण दुसरा घेतो. लिव्हरपूलचा माणूस तिकीट महागलं म्हणून एव्हर्टनचा होतो का? मरेपर्यंत नाही. म्हणजे त्याला ‘ग्राहक’ म्हणायचं, पण ग्राहकाचं एकमेव हत्यार, दुकान बदलण्याचं, त्याच्याकडे नाही. अशा माणसाला आवाजही दिला नाही, तर त्याची निष्ठा म्हणजे त्याच्याकडून पैसे काढायची सोय होते. माझा इंग्लिश पद्धतीवरचा मुख्य आक्षेप हा आहे. महागाई त्यातून निघालेली गोष्ट आहे.

२०१६च्या फेब्रुवारीत तीन दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ६ तारखेला लिव्हरपूलच्या मैदानावर, ७७ पाउंडांच्या तिकिटाची योजना जाहीर झाली म्हणून हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल सन्डरलंडवर २-० पुढे होतं. सामना २-२ सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून योजना मागे घेतली. त्या पुढच्या हंगामापासून प्रीमियर लीगने पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पाउंडांची मर्यादा घातली. आणि ९ तारखेला स्टुटगार्टमध्ये डॉर्टमुंडचे चाहते महाग तिकिटांचा निषेध म्हणून उशिरा आत आले आणि त्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले. म्हणजे जर्मन चाहत्याला स्वस्त तिकीट आपोआप मिळत नाही, तोही भांडतो. फरक एवढाच, की तो सभासद म्हणून भांडतो, त्याच्याकडे मत असतं. इंग्लिश चाहत्याला उठून जावं लागतं आणि मालकाला लाज वाटेल अशी आशा करावी लागते.

आता जर्मनीचं गुणगान इथेच थांबवतो, कारण तिथेही डाग आहेत. लेवरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कंपन्यांचे क्लब नियमाला अपवाद आहेत. लाइपझिगने मत देणारे सभासद मोजकेच ठेवून नियम अक्षरशः पाळला, त्याचा अर्थ मात्र सोडला. बायर्नने २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा लीग जिंकली. मग ती साखळी तोडली कोणी, तर लेवरकुसेनने! ज्यांना सभासदांची सत्ता प्रिय आहे त्यांनी हे टोचून घेतलंच पाहिजे. आणखी एक. स्वस्त तिकिटानेही माणसं बाहेर राहतातच. डॉर्टमुंडची हंगामी तिकिटं ५५,०००च्या आसपास, आणि एकदा हातात आलेलं तिकीट कोणी सहसा सोडत नाही. म्हणजे पैशाची रांग गेली, वाट बघण्याची रांग आली. नव्याने शहरात आलेल्याला ती रांगही बंदच वाटणार. तरीही दोन रांगांमध्ये मी दुसरी पत्करेन. वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो हे खरं, पण पैशाइतका विषमही नसतो.

तुम्ही म्हणाल, शेवटी करमणूकच ना? इथे १६ मे २०२० आठवा. करोनानंतर जर्मन लीग पुन्हा सुरू झाली, रिकाम्या मैदानांवर. डॉर्टमुंडने कट्टर प्रतिस्पर्धी शाल्केला ४-० हरवलं आणि खेळाडू सवयीने पिवळ्या भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. भिंत नव्हती. समोर नुसतं सिमेंट. टेलिव्हिजनवाल्यांनी मग गर्दीचा नकली आवाज लावून दिला. मला वाटतं, त्या आवाजात कबुली होती: गर्दी हा खेळाचा भाग आहे, ती विकल्या जाणाऱ्या मालात आहे. मग ज्याच्या घशातून तो माल तयार होतो, त्याच्याकडूनच त्याचे जास्तीत जास्त पैसे घ्यायचे, हे कुठल्या न्यायात बसतं?

आणि यात आपणही आहोत, मंडळी. पुण्यात, कोल्हापुरात रात्री जागून प्रीमियर लीग बघणारी मुलं मी बघतो. परदेशी प्रेक्षकांमुळे त्या लीगला टेलिव्हिजनचा अफाट पैसा मिळतो. खरं तर त्यामुळे स्टँडमधल्या माणसाचं तिकीट स्वस्त करणं सोपं झालं होतं. ७७ पाउंडांची योजना आली ती, २०१६ ते २०१९ या तीन वर्षांसाठी ५ अब्जांवर पाउंडांचा देशांतर्गत प्रक्षेपण-करार झाल्यानंतर! गरज नव्हती, तरी मागितले. पुढच्या वेळी सामना बघताना आवाज बारीक करून पाहा, आणि तो आवाज करणाऱ्यांना आत यायला किती पडलं असेल, हेही एकदा मनात आणा.

आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विरोधातले आधी घेईन.